ब्रिओजला ‘राक्षस’ म्हणणं कितपत रास्त?

गडकोट:
वेल्सच्या सरहद्दीवरचा नॉर्मन सरदार विल्यम द ब्रिओज. त्याचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘ॲबरगॅवेनीचा राक्षस’. 1175 मध्ये त्याने सेसिल अप डिव्हनवल या वेल्श सरदाराला मुलासकट आणि माणसांसकट ॲबरगॅवेनीच्या आपल्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथेच कापून काढलं. घडलं ते घडलं, मी नाकारत नाही. पण त्याच्या सख्ख्या मामाला थोड्याच दिवसांपूर्वी वेल्श लोकांनी मारलं होतं आणि संशय सेसिलवरच होता, हे कोणी सांगत नाही.

शिवाय ही सरहद्द म्हणजे काय चीज होती ते बघा. घराणं मूळचं नॉर्मंडीतल्या ब्रिओजचं, इंग्लंडमध्ये ससेक्सचं ब्रँबर, वेल्सकडे रॅडनर आणि बिल्थ, आणि आईकडून आलेलं ब्रेकन नि ॲबरगॅवेनी. या पट्ट्यात किल्ला बांधायला राजाची परवानगी लागत नसे, न्यायनिवाडा सरदाराचा, लढाई पुकारायची तीही त्यानेच. राजा लांब आणि शत्रू दारात. अशा जागी मऊ माणूस किती दिवस टिकला असता?

तिरकी रेघ:
टिकण्यासाठी लढावं लागतं, मान्य. इथे लढाई कुठे झाली? शस्त्रं बाळगण्याबद्दल राजाचा हुकूम ऐकवायचाय म्हणून बोलावणं धाडलं. पाहुणे बेसावध. बरं, तेवढ्यावर थांबले का? तिथून ब्रिओजची माणसं थेट सेसिलच्या घरी गेली, बायकोला पकडलं आणि तिच्यासमोर कॅडवॅलॅडर नावाच्या पोराला मारलं. वय वर्षं सात. मामाच्या खुनाचा संशय त्याच्यावरही होता का?

गडकोट:
त्याच काळातला वेल्सचा जेराल्ड वाचा. त्याच्या मते कट इंग्लंडच्या राजाचा आणि हेरफर्डचा शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी, रॅनल्फ पोअर याचा, ब्रिओज मूळ सूत्रधार नव्हे. उलट ब्रिओजच्या भाविकपणाचं त्याने कौतुक केलंय. पत्रात ‘देवाच्या कृपेने’ इतक्यांदा यायचं की लिहिणारा नि ऐकणारा दोघेही कंटाळत. वाटेत लहान मूल दिसलं तरी हा आधी नमस्कार करी, म्हणजे त्याच्या तोंडून देवाचं नाव ऐकायला मिळेल.

तिरकी रेघ:
लहान मूल दिसलं की नमस्कार! वा.

आणि जेराल्ड कोण होता? ब्रेकनचा आर्चडीकन, म्हणजे तिथला चर्चचा अधिकारी. ब्रेकनचा धनी कोण? ब्रिओज. आपल्याच गावच्या धन्याविरुद्ध कोण लिहील हो? मामाचं कारण तर 1175 पुरतंच. 1197 मध्ये याच ब्रिओजने ट्राहायर्न व्हिखन या वेल्श सरदाराला घोड्याच्या शेपटीला बांधून ब्रेकनच्या रस्त्यांतून फरफटत नेलं आणि मग शिरच्छेद केला. तेव्हा कोणता मामा मेला होता?

अधलीमधली:
तुमचं चालू द्या. मला त्या जेराल्डने पाहिलेला दरवाजा विसरता येत नाही. 1182 मध्ये मारलेल्यांची पोरं मोठी होऊन ॲबरगॅवेनीवर चालून आली. दोन शिपाई पळत बुरुजाकडे निघाले, मागून वेल्श तिरंदाजांचे बाण. बुरुजाचं ओकचं दार जवळजवळ तळहाताएवढं जाड, आणि बाणांची टोकं त्यातून आरपार. 1188 मध्ये जेराल्ड तिथे गेला तेव्हा ती लोखंडी टोकं मुद्दाम तशीच ठेवलेली होती. धागाकर्ते, ‘शत्रू दारात’ म्हणालात ना, तो असा आला. आणि आला तो सात वर्षांपूर्वीच्या त्या बोलावण्यामुळे.

बाकी ब्रिओजला बुडवलं ते वेल्श लोकांनी नव्हे, उधारीने. 1201 मध्ये किंग जॉनने त्याला आयर्लंडमधलं लिमरिक दिलं, 5000 मार्कांना (मार्क म्हणजे तेव्हाचं हिशोबाचं चलन), वार्षिक हप्त्याने. हप्ते थकले. जॉनची मर्जी होती तोवर कोणी विचारलं नाही, मर्जी फिरली तशी वसुली सुरू. 1208 मध्ये मुलगे ओलीस मागितले. तेव्हा बायको मटिल्डा राजाच्या माणसांना म्हणाली म्हणे, ज्याने स्वतःच्या पुतण्याला मारलं त्याच्या हाती मी मुलं देणार नाही. पुतण्या म्हणजे आर्थर. त्याला 1202 मध्ये मिरबो इथे पकडलं होतं ते ब्रिओजनेच! म्हणजे कैदेत आर्थरचं काय झालं ते या घराला ठाऊक असणार, असं जॉनला वाटलं तर नवल नाही.

वाटसरू:
करावे तसे भरावे. विषय संपला.

अधलीमधली:
भरलं कोणी पण? नवरा भिकाऱ्याच्या वेशात फ्रान्सला निसटला, 1211 मध्ये तिथेच वारला आणि पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठात रीतसर पुरला गेला. मटिल्डा आणि थोरला मुलगा 1210 मध्ये पकडले गेले. तिच्याकडे दंड भरायला निघाले 24 मार्क चांदी, 24 सोन्याची नाणी आणि 15 औंस सोनं. दोघांना कोठडीत उपाशी मारलं. एक बखरकार लिहितो की आत फक्त धान्याची एक पेंढी आणि कच्च्या डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवला होता. अकराव्या दिवशी दार उघडलं.

आणि ही बाई काही बिचारी वगैरे नव्हती. 1198 मध्ये पेन्सकॅसल किल्ल्याला पडलेला वेढा तिने नेटाने झेलला. ‘हे’ नावाच्या गावचा किल्ला तिने एका रात्रीत, ओच्यातून दगड वाहून बांधला अशी दंतकथा आजही सांगतात.

गडकोट:
ब्रेकनच्या आर्चडीकनचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो घेतला. ट्राहायर्नबद्दलही माझ्यापाशी बचाव नाही. तरीही एक सांगतो. जॉनने जे केलं ते राजा म्हणून केलं, आणि 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेत, ‘कायदेशीर निवाड्याशिवाय कोणाला कैद करू नये’ हे कलम 39 आलं त्यामागे ब्रिओजच्या घराची आठवण होती, असं मानणारे अभ्यासक आहेत. हाच ब्रिओज एकदा खटल्यात बजावून गेला होता की माझ्या मुलखात राजा, न्यायाधीश, शेरीफ कोणाचंच चालत नाही. या मनोवृत्तीची माणसं नसती तर राजाला आडवं कोण गेलं असतं?

तिरकी रेघ:
म्हणजे याच्या मुलखात याला विचारणारं कोणी नको, आणि राजाने मात्र निवाडा करूनच हात लावायचा. छान.

त्या सात वर्षांच्या पोराबद्दल पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून यायचंय.