मदत हवी आहे: १९ वर्षं उभी असलेली डीटी १७५ सुरू झाली, पण रेस खाली येत नाही

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतोय, कारण अर्धवट माहिती दिली की 'हे बघितलं का, ते बघितलं का' यातच दहा प्रतिसाद जातात.

गाडी यामाहा डीटी १७५, १९७५ची. टू-स्ट्रोक, १७१ सीसी, रीड व्हॉल्व्ह, ऑइलचा वेगळा पंप, ६ व्होल्ट, पॉइंटवालं (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघडझाप करणाऱ्या पट्ट्यांचं) मॅग्नेट, पुढे-मागे ड्रम ब्रेक, मागे दोन शॉकॲब्सॉर्बर. मामाची गाडी. 'उद्या काढतो' म्हणून त्याने ती शेडमध्ये लावली आणि तो उद्या १९ वर्षांनी माझ्या हातून उजाडला. टाकीत पेट्रोल तसंच. कार्बोरेटरमध्येही तसंच.

आणली तेव्हा किक दगडासारखी. उभं राहून लाथा घालायचा मोह आवरला, कारण टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) असतात आणि चिकटलेली रिंग पोर्टच्या कडेला अडकून तुटते हे ऐकून होतो. प्लग काढून भोकातून गंज सोडवायचं तेल रोज थोडं थोडं सोडलं, नऊ दिवस. दहाव्या दिवशी मॅग्नेटच्या नटाला पाना लावून हलकंसं मागे-पुढे केलं, तेव्हा 'टक्' आवाज करून पिस्टन केसभर सरकला. तो आवाज ऐकायला मामा बाजूला हवा होता.

मग हेड आणि ब्लॉक उतरवले. बोअरला ओरखडे नाहीत, फक्त रिंगच्या उंचीवर गंजाची पुसट रेघ. हलकं होनिंग (बोअर आतून घासून साफ करणं), नव्या रिंगा, नवी पॅकिंग. खालचा क्रँककेस उघडला नाही. (इथेच चुकलो का, हा मुख्य प्रश्न.)

टाकीतल्या गंजासाठी व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवलं. आत नट टाकून खळखळवतात तसं केलं, पण नट दोरीत ओवून, नाहीतर एक तरी नट आयुष्यभर आतच वाजत राहतो. नंतर खायच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी, हेअर ड्रायर आणि लगेच टू-स्ट्रोक ऑइलचा हात. अर्धा तास उशीर झाला असता तर पुन्हा केशरी पावडर धरली असती.

एअर फिल्टरचा स्पंज बोटाने दाबला तर काळा चिकट भुगा हातात आला. त्यातला काही कार्बोरेटरपर्यंत पोचला होता. कार्बोरेटर पूर्ण खोलून साफ केला, पायलट जेटच्या (कमी रेसला पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीच्या) भोकातून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत. फ्लोटची सुई नवी. पॉइंट साफ करून ०.३५ मिमी गॅप. नवा प्लग.

आता दुखणं. चोक लावून तिसऱ्या किकला सुरू झाली. दोन मिनिटं झकास. इंजिन तापलं तसा ॲक्सिलरेटरला हात न लावता रेस वाढायला लागली. आयडलचा (हात न लावता चालणाऱ्या कमी रेसचा) स्क्रू पूर्ण सैल केला, फरक नाही. पुढच्या वेळी तर ती इतकी सुटली की मी घाबरलो. किल स्विच दाबला, काही नाही. स्पार्क तपासताना स्विचची वायर मीच काढून ठेवली होती! पेट्रोल कॉक बंद केला, पण कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ती किंचाळतच होती. प्लग गार झाल्यावर काढून बघितला, टोकाशी खडूसारखा पांढरा, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय.

तर प्रश्न असे. हवा कुठून ओढत असेल? शोधायची कशी? आणि इंजिन पुन्हा उघडावं लागेल का? मामा रोज फोन करून विचारतो, 'काढलीस का बाहेर?'

प्रतिसाद १

कार्बोरेटरची स्लाइड (ॲक्सिलरेटरने वर-खाली होणारा तुकडा) उलटी बसवलीय तुम्ही. स्लाइडच्या खालच्या कडेला जो तिरका काप असतो तो फिल्टरच्या बाजूला यायला हवा. उलटी बसली की गाडी आयडललाच बोंबलते. दहातल्या नऊ वेळा हेच असतं. इंजिनला हात लावू नका.

धागाकर्ता

आत्ताच झाकण काढून बघितलं. काप फिल्टरकडेच आहे. केबलला ढिलाई आहे, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही रेस बदलत नाही. स्लाइड सोडली की 'क्लॅक' करून खाली बसते.

प्रतिसाद २

सगळ्यात आधी ती किल स्विचची वायर जोडा. बाकी नंतर. स्विच चालत नसेल आणि गाडी सुटली तर टॉपचा गिअर टाकायचा, दोन्ही ब्रेक गच्च धरायचे आणि क्लच सोडायचा. गाडी आचका देऊन बंद पडते. गाडी स्टँडवर असेल आणि मागचं चाक हवेत असेल तर मागचा ब्रेक घट्ट हवा, म्हणजे ब्रेक आधी तपासलेला हवा. नाहीतर चोक ओढा. मिश्रणात पेट्रोल इतकं वाढतं की बहुतेक वेळा ती गुदमरते. प्लगची कॅप चालू गाडीवर उपटू नका. झटका बसेल तो बसेल, वर पेट्रोलच्या वासात ठिणगी.

ब्रेकवरून आठवलं. त्या काळच्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

प्रतिसाद ३

तुम्ही जे लिहिलंय ते वाचून माझा संशय क्रँकच्या ऑइल सीलवर आहे. फोर-स्ट्रोकवाल्यांना हे पटकन पटत नाही, म्हणून थोडं विस्ताराने.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसती तेलाची पेटी नाही, तो अर्धा पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते, तिच्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन वर जातं. क्रँकच्या दोन टोकांना रबरी सील असतात. गाडी १९ वर्षं उभी राहिली की सीलचा ओठ एकाच जागी शाफ्टला टेकून कडक होतो. थंड असताना कसाबसा धरतो. शाफ्ट फिरायला लागला, तापला, की सोडतो. मग तिथून कोरी हवा आत येते, तिला कार्बोरेटर विचारतच नाही. मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस वर, पिस्टन गरम. तुमचा पांढरा प्लग तेच सांगतोय. अशी गाडी पळवू नका, नव्या रिंगांसकट पिस्टन जाम होईल.

डावा, म्हणजे मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर हवा येते. उजवा, क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि गिअरबॉक्सची लेव्हल गुपचूप उतरते. धूर किती आहे?

धागाकर्ता

धूर आहे, पण सुरुवातीचा. पंपावर भरवसा नव्हता म्हणून टाकीतही १ लिटरला ४० मिली ऑइल घातलं होतं. नंतर कमी झाला. गिअरबॉक्सची लेव्हल जिथल्या तिथे.

प्रतिसाद ३

४० मिली म्हणजे १:२५, ठीक आहे. पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा नाही आणि ऑइल पोचतंय याची खात्री होईपर्यंत तसंच चालू ठेवा.

मग डावा सील. पण माझ्या शब्दावर इंजिनला हात घालू नका, आधी प्रेशर टेस्ट करा. रक्तदाब मोजायचं घड्याळवालं जुनं यंत्र घरात असेल तर त्याचा फुगा आणि डायल घ्या. डायलचा ३०० चा आकडा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय (दाबाचं माप). याला लागतात सहा. जणू याच कामासाठी बनवलंय!

सायलेन्सरचा पाइप काढा, पोर्टवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वरून जाड पट्टी आवळा. कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीच्या) तोंडात रबरी बूच, बुचातून नळी. ऑइल पंपाची नळी चिमटा लावून बंद. प्लग जागेवर. पिस्टन खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि वरचा-खालचा भाग एक होतो. हवा मॅनिफोल्डकडूनच भरा. काही जण प्लगच्या भोकातून भरतात, पण मग आतल्या दाबाने रीड (एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा) मिटतात आणि मॅनिफोल्डचा सांधा तपासलाच जात नाही.

डायल ३०० वर नेऊन थांबा. मिनिटाला ५० पर्यंत उतरला तर चालण्यासारखं आहे. धाडकन उतरला तर साबणाचं पाणी घ्या आणि फिरा. हेडची कड, ब्लॉकचा पाया, मॅनिफोल्ड आणि मॅग्नेटचं झाकण काढून आत. सहा पीएसआयच्या वर जाऊ नका, चांगला सील उलटा होईल.

प्रतिसाद १

एवढा उद्योग कशाला? इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर मारा, रेस बदलली की सापडलं.

प्रतिसाद ३

सापडतं, मान्य. पण मॅग्नेटच्या बाजूला पॉइंट आहेत, म्हणजे ठिणगी. तिथे स्प्रे मारायचा सल्ला मी तरी देणार नाही.

धागाकर्ता (चार दिवसांनी)

रक्तदाबाचं यंत्र मामाचंच मिळालं. 'माझं बीपी सोडून गाडीचं बघतोयस' असं ऐकवून दिलं.

मॅग्नेटचं झाकण काढतानाच एक स्क्रू चाटला. नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने काढत होतो. मग कळलं की जुन्या जपानी गाड्यांचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. फुली दिसायला तीच, पण खाच वेगळी, साधा फिलिप्स त्यात नीट बसतच नाही, निसटून डोकं खातो. योग्य टोक आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला, हातोडीचा एक टोला, आणि उरलेले स्क्रू निमूटपणे सुटले. हे कोणी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर!

मॅग्नेट पुलरने काढलं. जबड्याचा पुलर नको, मधल्या आट्यांत बसणाराच हवा. पॉइंटची प्लेट उतरवायच्या आधी प्लेट आणि केस दोन्हींवर मिळून एक रेघ ओरखडून घेतली.

३०० वर नेलं. काटा वीस सेकंदांत ८० वर. हेड कोरडं, ब्लॉक कोरडा, मॅनिफोल्डला एकही बुडबुडा नाही. मग क्रँकभोवती साबणाचं पाणी ब्रशने लावलं. शाफ्टच्या खालच्या बाजूने, घड्याळातल्या पाचच्या जागेवर, छोटे छोटे बुडबुडे निघून एकावर एक चढायला लागले. क्रँक अर्धा फिरवला तर ते सातच्या जागी. बघत बसावंसं वाटत होतं, खरं सांगतो.

आता सील काढायचा कसा? केस फोडावा लागेल?

प्रतिसाद ३

या बाजूचा बाहेरून निघतो. सीलच्या तोंडावर बारीक भोक पाडून त्यात छोटा पत्र्याचा स्क्रू अर्धाच फिरवा आणि पकडीने ओढा. ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवून घ्या, कारण मागे लगेच बेअरिंग आहे. भुगा आत जाऊ नये म्हणून टोकाला ग्रीस. शाफ्टवर पाना घासला तर नवा सीलही गळणार.

नवा बसवताना स्प्रिंगची बाजू आत. ओठाला टू-स्ट्रोक ऑइल लावा, कोरडा बसवू नका. शाफ्टवर चावीची खाच आहे, तिच्या कडेने ओठ कापला जातो, म्हणून शाफ्टभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावरून सरकवा. सरळ आत ढकलायला त्याच मापाचा पाइपचा तुकडा.

आणि उजवा सील त्याच वयाचा आहे, हे विसरू नका. काही इंजिनांत तो केस न फोडता निघत नाही, म्हणून तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघून ठरवा. आज टेस्टमध्ये धरतोय तर राहू दे, पण लेव्हलवर डोळा ठेवा.

प्रतिसाद २

मॅग्नेट परत बसवताना ती अर्धचंद्राची चावी खाचेत नीट आहे ना ते बघा. ती कलली की टायमिंग गेलं, आणि मग पुन्हा याच धाग्यावर भेट.

धागाकर्ता (दहा दिवसांनी)

उशीर झाला, सील यायला वेळ लागला. काढलेला सील नखाने दाबला तर प्लास्टिकच्या बांगडीसारखा कडक, ओठावर चमकदार सपाट पट्टा. नवा लोण्यासारखा मऊ. लगेच पुन्हा टेस्ट केली. ३०० वरून एका मिनिटात २९०.

पॉइंट पुन्हा ०.३५ वर, प्लेटची रेघ जुळवली, किल स्विचची वायर जोडली आणि गाडी सुरू करायच्या आधी मल्टिमीटरने स्विच तपासला. दुसऱ्या किकला सुरू. एक गोष्ट नवी कळली. या कार्बोरेटरचा चोक म्हणजे हवा अडवणारी पट्टी नाही, जास्तीचं पेट्रोल सोडणारा वेगळा छोटा मार्ग आहे. स्लाइड बंद असेल तरच तो ओढतो. मी इतके दिवस चोक लावून ॲक्सिलरेटरही पिळत होतो आणि पहिल्या दोन किका वाया घालवत होतो.

तापली. आयडल स्क्रूचं ऐकते. रेस देऊन सोडली की लगेच खाली येते. पंधरा मिनिटांनी प्लग काढला, फिकट तपकिरी. प्रतिसाद ३, तुमच्यामुळे पिस्टन वाचला. प्रतिसाद १, स्लाइड तपासायला लावलीत तेही बरंच झालं, त्या निमित्ताने केबलची तुटायला आलेली एक तार दिसली.

व्हिडिओ कॉलवर मामाला आवाज ऐकवला. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, 'फोन सायलेन्सरजवळ ने.' नेला. मग म्हणाला, 'टाकीला रंग देऊ नकोस हं.' डाव्या बाजूला त्याच्या गुडघ्याने घासून पत्रा उघडा पडलाय, तो तसाच ठेवतोय.

आता फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकॲब्सॉर्बर) उघडायचे आहेत. डाव्या फोर्कमधून निघालेलं ऑइल राखाडी आणि चिकट, उजव्यातून जवळपास काहीच नाही. टायरवरच्या तारखेच्या कोडमध्ये तीनच आकडे आहेत, म्हणजे २००० सालाच्या आधीचे. ते जाणारच. फोर्कसाठी वेगळा धागा काढतो, तिकडे या.