विल्यम सेसिलची मान शाबूत कशी राहिली?

प्रश्न (वाचनवेडी):
सध्या इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याच्या काळाचा इतिहास वाचतेय. राजा आठव्या हेन्रीने थॉमस मोर, क्रॉमवेल अशा भल्याभल्या मंत्र्यांची डोकी उडवली. मग हा विल्यम सेसिल, लॉर्ड बर्ली, १५५८ ला राणी पहिल्या एलिझाबेथचा सेक्रेटरी (म्हणजे मुख्य मंत्रीच) झाला तो १५९८ मध्ये मरेपर्यंत सत्तेतच, ४० वर्षं! हे जमलं कसं? नुसती हांजी हांजी?

उत्तर १ (जुनादप्तरी):
हांजी हांजी अजिबात नाही हो, राणीशी त्याचे खटके उडायचेच, पण तो मत लेखी मांडायचा. एका कागदावर या बाजूचे मुद्दे त्या बाजूचे मुद्दे, आणि शेवटी राणीने ठरवलं की स्वतःचं मत बाजूला ठेवून तेच तडीस न्यायचं. १५७२ पासून लॉर्ड ट्रेझरर म्हणजे तिजोरीही त्याच्याच हातात, त्यामुळे कुठल्या युद्धाला किती पैसा लागेल हे तोंडपाठ. माझ्या मते एलिझाबेथच्या राज्याचं निम्मं श्रेय या माणसाचं आहे.

उत्तर २ (कोकणकडा):
श्रेय मान्य, पण धुतल्या तांदळासारखा नव्हता तो. १५४९ ला त्याचा धनी सॉमरसेट (बालराजाच्या नावाने राज्य चालवणारा सरदार) सत्तेवरून पडला तेव्हा हाही टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, जाऊन आला होता, तिथून सावध झाला असणार. १५५३ मध्ये प्रोटेस्टंट जेन ग्रेला गादी देण्याच्या कागदावर सही केली आणि मेरी ट्यूडर (एलिझाबेथची कॅथलिक सावत्र बहीण) जिंकल्यावर म्हणाला मी फक्त साक्षीदार म्हणून सही केली! मग प्रोटेस्टंट असून मेरीच्या राज्यात मुकाट्याने मासला (कॅथलिक प्रार्थनेला) जात होता.
आणि डेव्हिसनचं काय? फेब्रुवारी १५८७, स्कॉट्सची राणी मेरी (ही वेगळी मेरी, एलिझाबेथच्या कैदेत असलेली) हिच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर एलिझाबेथने सही करून कागद सेक्रेटरी डेव्हिसनकडे दिला. आता ती परत मन बदलेल म्हणून बर्लीने कौन्सिलच्या (राणीच्या सल्लागार मंडळाच्या) लोकांना आपल्या खोलीत गोळा केलं आणि तिला न सांगता हुकूम फोदरिंगेला, जिथे मेरी कैदेत होती तिथे, धाडला. ८ तारखेला शिरच्छेद झाला. राणी भडकली, बर्लीला काही काळ समोर यायला बंदी, पण टॉवरमध्ये गेला डेव्हिसन, वर १० हजार मार्कांचा दंड.

वाचनवेडी:
बापरे, डेव्हिसनचं माहीत नव्हतं. पुढे सुटला का तो?

उत्तर ३ (जुनादप्तरी):
सुटला, पण राणीने परत कामावर घेतलं नाही, राणीचा लाडका सरदार एसेक्स याने त्याच्यासाठी खूप रदबदली केली तरी नाही. डेव्हिसनवर अन्याय झाला हे कोकणकडा यांचं बरोबरच आहे, मला पण त्या माणसाचं वाईट वाटतं. फक्त बर्लीच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्याने निर्णय एकट्याने घेतला नाही, सगळ्या कौन्सिलला त्यात बांधून घेतलं, त्यामुळे राणी सगळ्यांना एकदम काढूच शकत नव्हती. आणि बर्लीशिवाय तिचं पान हलत नव्हतं हो, शेवटच्या आजारपणात तिने स्वतःच्या हाताने त्याला भरवलंय. सेक्रेटरीची ती खुर्ची १५९६ ला गेली कोणाकडे, तर त्याच्याच मुलाकडे, रॉबर्ट सेसिलकडे.