मदत हवी आहे: क्रूझच्या केबिनमधल्या मिनीबारमध्ये इन्सुलिन ठेवता येईल का?

मुरगाव बंदरातून आई-बाबांसोबत चार रात्रींच्या क्रूझवर जायचंय. बाबांची न उघडलेली इन्सुलिन पेनं २ ते ८ अंशांतच राहायला हवीत. वापरात असलेल्या पेनाची काळजी नाही, ते खोलीच्या तापमानाला चालतं.

अडचण मिनीबारची आहे. त्यात बहुतेकदा कॉम्प्रेसर नसतो, अमोनियावर चालणारी आवाज न करणारी यंत्रणा असते. ती हळू थंड करते, दार सतत उघडलं की तापमान चढतं, मागची हवा कोंडली तर आणखीच. काही मिनीबार १०-१२ अंशांच्या खाली उतरतच नाहीत. उलट पेन थंड पत्र्याला टेकून गोठलं, तर ते इन्सुलिन फेकावंच लागतं. वितळल्यावरही वापरायचं नाही.

छोटा डिजिटल थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून रात्रभर ठेवणार आहे, म्हणजे खरा आकडा कळेल.

जाणकारांनी कृपया सांगावं: कीकार्ड काढल्यावर फ्रिजची वीजही जाते का? आतल्या बाटल्या हलवल्या तर सेन्सरमुळे बिल लागतं का, की त्या आधीच काढून न्यायला सांगता येतं? आणि औषधांसाठी वेगळा फ्रिज बुकिंगच्या वेळीच मागावा लागतो का?