अनुभव धागा : मुरगळलेला घोटा, सटकलेला खांदा, दगा देणारा गुडघा

धागाकर्ता, बेळगाव (टिळकवाडी)
गेल्या पावसाळ्यात राजहंसगडावरून उतरताना माझे पाऊल आत वळले आणि घोट्याची बाहेरची बाजू लिंबाएवढी सुजली. चार पावले चालता येत होते आणि घोट्याच्या हाडावर दाबल्यास दुखत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे काढला नाही. दहा दिवसांत सूज उतरली, मी कामाला लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात सपाट रस्त्यावर तोच घोटा पुन्हा मुरगळला. फिजिओथेरपिस्टनी मला त्या पायावर उभे करून डोळे मिटायला सांगितले. दोन सेकंदांत भिंत धरावी लागली. लिगामेंटबरोबर (हाडांना हाडे जोडणाऱ्या पट्ट्याबरोबर) पाऊल कसे पडले आहे हे कळवणारी सांध्याची जाणीवही दुखावते आणि ती विश्रांतीने नव्हे, सरावाने परत येते, हे मला तेव्हा समजले. आजही दात घासताना मी एका पायावर उभा असतो; घरच्यांनी हसणे सोडून दिले आहे.
आपले अनुभव सविस्तर लिहावेत. औषधांची नावे मात्र देऊ नयेत.

कबड्डीपटू, खानापूर तालुका
चढाईवरून परतताना पाय मातीत रोवलेला राहिला, अंग वळले आणि गुडघ्यात 'टक्' असा आवाज मलाच नव्हे, पकडणाऱ्यालाही ऐकू आला. दोन तासांत गुडघा टरारून सुजला. दुसऱ्या दिवशी हाडवैद्यांनी शीर चढली आहे असे सांगून तेल चोळले. एक्स-रेमध्येही काही निघाले नाही आणि त्यामुळेच मी फसलो, कारण एक्स-रेत हाड दिसते, लिगामेंट दिसत नाही. चार महिने खेळत राहिलो. पायऱ्या उतरताना गुडघा निसटे, मी कठडा धरी. अखेर बेळगावात एमआरआय झाला, तेव्हा एसीएल (गुडघ्याच्या आतले एक मुख्य लिगामेंट) तुटलेले आणि बरोबर मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) ही फाटलेला निघाला. इतके जलद सुजणे म्हणजे सांध्यात रक्त उतरल्याची खूण असते, हे त्या दिवशी कोणी सांगितले असते तर कदाचित मेनिस्कस वाचला असता.
मांडीमागच्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिचे नवे लिगामेंट बसवले. शस्त्रक्रिया सोपी गेली. खरी परीक्षा पुढचे नऊ महिने होते. पाचव्या महिन्यात दुखणे थांबलेले असते, गावची जत्रा जवळ आलेली असते आणि सगळे म्हणतात, 'आता काय झालंय तुला?' आईच्या शिवणकामाच्या टेपने मी दर रविवारी दोन्ही मांड्या मोजत होतो. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची मांडी बारीक झाली होती; फरक साडेतीन सेंटिमीटर होता.

तालमीतला माजी पैलवान, येळ्ळूर
माझा खांदा विसाव्या वर्षी पुढच्या बाजूला निखळला आणि आखाड्यातच ओढून बसवण्यात आला. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला होता, म्हणजे मज्जातंतूही ताणला गेला होता. ते महिनाभराने कळले. त्या वयात निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता फार असते आणि माझा पाच वेळा निखळला. वस्तादांचा हेतू चांगला होता, तरीही नव्या पोरांना मी आधी एक्स-रे काढायला पाठवतो.

गृहिणी, निपाणी
डॉक्टरांनी मला 'टेनिस एल्बो' झाल्याचे सांगितले, तेव्हा मी रोज वीस-पंचवीस भाकऱ्या थापत होते आणि चादरी हाताने पिळत होते. कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी इतकी कळ येई की चहाचा कप उचलवत नसे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने दीड महिना स्वर्ग वाटला, मग दुखणे पूर्वीपेक्षा जोरात परतले. उपयोग झाला तो पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा : हात टेबलावर, तळवा खाली, मनगट दुसऱ्या हाताने वर उचलायचे आणि मोजत मोजत सावकाश खाली सोडायचे. तीन महिने लागले. चादरी आता मुलगा पिळतो.

फिजिओथेरपिस्ट, चिकोडी
बर्फाविषयी काहींनी व्यक्तिगत विचारणा केली आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावणे हे सूत्र अमेरिकेतील क्रीडावैद्यक डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडले आणि २०१४ मध्ये त्यांनीच बर्फ व पूर्ण विश्रांती यांबाबत आपले मत बदलले. कळ शमवण्यासाठी कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे बर्फ लावण्यास हरकत नाही. पहिल्या दोन दिवसांत शेक आणि चोळणे मात्र टाळावे.

कबड्डीपटू, खानापूर तालुका
आजचे माप : दोन्ही मांड्यांतला फरक एक सेंटिमीटर. या जत्रेत मी गुण लिहायला बसणार आहे.