४×५ कॅमेऱ्यावर रुंद दृश्य: ६×१७ ची बॅक घ्यावी का?

खानापूरकर
नमस्कार. माझ्याकडे ४×५ इंची फील्ड कॅमेरा असून ९० आणि १५० मिलिमीटरच्या दोन लेन्स आहेत. भर पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा आणि राजहंसगडावरून दिसणारा बेळगाव परिसर, अशी दोन आडवी दृश्ये कृष्णधवल फिल्मवर टिपायची आहेत. त्यासाठी १२० रोल फिल्मची ६×१७ सेंटिमीटरची बॅक (कॅमेऱ्याच्या मागे बसणारा, फिल्म धरणारा भाग) विकत घ्यावी, की शीट फिल्मवरच (एकेक सुटी फिल्म) काही सोय होऊ शकते?

अंधारखोली
बॅकची घाई करू नये, असे माझे मत आहे. ६×१७ ची चौकट सुमारे १६८ मिलिमीटर रुंद असते आणि ४×५ ची शीट जेमतेम १२०. त्यामुळे ही बॅक कॅमेऱ्याच्या मागे खोक्यासारखी बाहेर येते आणि फिल्म लेन्सपासून दूर जाते. परिणामी फार आखूड (कमी मिलिमीटरची) लेन्स अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या दृश्यावर, फोकस होत नाही, तर फार लांब लेन्सचा प्रकाश कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीलाच अडून कडा काळ्या पडतात. आपल्या दोन्ही लेन्स सहसा या मर्यादेत बसतात, मात्र ९० साठी बेलोज (लेन्स आणि मागचा भाग जोडणारा घडीचा भाता) पुरेसे दबतात का ते आधी तपासावे. शिवाय या रुंदीवर ९० च्या कडा मध्यापेक्षा दीड स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) अंधारतात. निगेटिव्हवर ही तूट छपाईत भरून काढता येते. स्लाइड फिल्म (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी) असती, तर सेंटर फिल्टरवाचून (मध्य काळसर ठेवून प्रकाश समतोल करणारा फिल्टर) गत्यंतर नव्हते. एका रोलवर चारच चौकटी मिळतात, हेही हिशेबात धरावे.

त्यापेक्षा एखादी जुनी डार्क स्लाइड (होल्डर या फिल्मच्या खोक्यातली फिल्म झाकणारी पातळ पट्टी) लांबीच्या दिशेने अर्धी कापावी, म्हणजे शीटचा एकेक अर्धा भाग झाकून ठेवता येतो. एका शीटवर २×५ इंची दोन चित्रे येतात आणि ९० ची लेन्स सुमारे ६७ अंश रुंद दृश्य घेते. शीटचा वरचा अर्धा भाग वापरताना लेन्स साधारण २४ मिलिमीटर वर उचलावी, म्हणजे क्षितिज त्या पट्टीच्या मध्यावर येते. कॅमेराच वाकवून हे साधू नये, कारण मग उभ्या रेषा कलतात. ग्राउंड ग्लासवर (दृश्य दिसते ती दुधी काच) मध्यरेषा पेन्सिलीने आखलेली बरी. कापलेली स्लाइड होल्डरमध्ये असेपर्यंत त्यावर काळे कापड टाकावे, कारण स्लाइडच्या फटीतून ऊन आत शिरू शकते.

घटप्रभाकाठ
राजहंसगडासाठी आणखी एक वाट आहे. कॅमेरा आणि लेन्स जागच्या जागी ठेवून फक्त मागचे स्टँडर्ड (फिल्म धरणारी चौकट) डावीकडे व उजवीकडे सरकवावे आणि दोन शीट घेऊन त्या स्कॅन करून जोडाव्यात. लेन्स हललेली नसल्याने जवळच्या आणि दूरच्या वस्तूंची सांगड बिघडत नाही; लेन्सचे प्रतिमावर्तुळ (लेन्स फिल्मवर पाडते ते गोल चित्र) तेवढे मोठे हवे. गोकाकला मात्र हे जमणार नाही. दोन एक्स्पोजरांच्या मधल्या वेळात पाण्याचे लोट बदलतात आणि नेमक्या जोडावर फेस जुळत नाही, म्हणून तिथे एकाच एक्स्पोजरमध्ये येणारी अर्धी शीटच योग्य.

खानापूरकर
दोघांचेही आभार. अडचण अशी की, माझ्या कॅमेऱ्याची लेन्स पुरेशी वर जाते, पण खाली फारच थोडी येते. मग शीटचा दुसरा अर्धा भाग कसा वापरावा?

अंधारखोली
आपली बॅक काढता येत असेल, तर ती १८० अंश फिरवून बसवावी. खालचा अर्धा भाग वर येतो. कापलेली स्लाइड तेवढी उलटी करून घालावी आणि लेन्स पुन्हा वरच उचलावी. फक्त कोणता अर्धा भाग वापरला, याची खूण होल्डरवर लगेच करून ठेवावी.