सीलबंद डब्यात काय आहे, हे बाहेरून ओळखता येतं का?

चेंबूरकर_डिप्लोमा:
लॅबमध्ये सरांनी सीलबंद डबा दिलाय. बाहेर फक्त दोन टर्मिनल. उघडायचा नाही, आत काय आहे ते सांगायचं. टर्मिनल मोकळे असताना मीटर ९ व्होल्ट दाखवतो, १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की ६. म्हणजे आत ९ व्होल्टची बॅटरी आणि सिरीजमध्ये ५०० ओहम. असंच लिहू ना?

लॅमिंग्टन_रोडवाला:
थांब जरा. व्होल्ट आणि करंटचा आलेख काढ, पण दोन बिंदूंतून सरळ रेषा कायम जाते रे! ४७० ओहम लावून बघ, ४.३६ च्या आसपास यायला हवेत. मग २.२ किलो, १० किलो. रेषा वाकली तर आत डायोड किंवा ट्रान्झिस्टरसारखं काहीतरी बसलंय.

रेषा सरळ आली तरी बॅटरीच आहे, असं नाही. १८ मिलिअँपिअरचा करंट सोर्स (बाहेर काहीही लावा, तेवढाच करंट ढकलणारा) आणि त्याला पॅरललमध्ये ५०० ओहम ठेवले, तरी कुठल्याही लोडला अगदी हेच आकडे येतील.

मी रोज हेच करतो. गिऱ्हाइकाच्या बोर्डावर आयसीचा नंबर घासलेला, डायग्राम कुठेच नाही. सप्लाय येतोय का, क्लॉक येतोय का, आणि मग आउटपुटच्या पिनवर काय निघतंय, एवढंच स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघायचं. आतलं सर्किट मला आजवर दिसलेलं नाही, तरी बोर्ड चालू होतात. डबा कसा वागतो ते छातीठोक सांगता येतं. आत काय आहे ते नाही.

चेंबूरकर_डिप्लोमा:
मग काका, बॅटरी आणि करंट सोर्स या दोघांतला फरक कधीच कळणार नाही?

निवृत्त_मास्तरीण:
कळेल. टर्मिनल मोकळे ठेवून डब्याचं तापमान घे. बॅटरी असेल तर करंटच वाहत नाही, डबा गार. करंट सोर्स असेल तर आतल्या रेझिस्टरमध्येच ०.१६ वॉट जळत राहतात. उष्णता हेही आउटपुटच आहे, बाळा, आपण ते मोजत नव्हतो इतकंच.

लॅमिंग्टन_रोडवाला:
बाई, फार छान! पण गरम लागला तरी करंट सोर्सच असेल असं नाही. १८ व्होल्टवर १-१ किलोचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मधून टर्मिनल काढलं, म्हणजे डिव्हायडर केला, तरी तेच ९ व्होल्ट, तेच ५०० ओहम आणि जळतात तेही तेवढेच ०.१६ वॉट.

निवृत्त_मास्तरीण:
खरंय. मग टर्मिनल शॉर्ट करून पुन्हा तापमान घ्यायचं. डिव्हायडर दुप्पट तापेल, करंट सोर्सचा रेझिस्टर गार पडेल. १८ मिलिअँपिअरच आहेत, भीती नाही. रिपोर्टमध्ये आधी कोणकोणत्या चाचण्या केल्यास ते लिही, मग त्यांत कोणकोणती सर्किटं बसतात ते सगळं मांड.