बोद्रुमला चार दिवस द्यावेत का?

प्रश्न – पुणेरी वाटसरू

सप्रेम नमस्कार. सप्टेंबरच्या अखेरीस मी, पत्नी आणि सत्तरी ओलांडलेले माझे आई-वडील असे चौघे तुर्कस्तानला जाणार आहोत. इस्तंबूल आणि कापादोकिया निश्चित झाले आहे. उरलेले चार दिवस एजियन समुद्राकाठच्या बोद्रुमला घालवावेत, असा माझा बेत होता. परंतु ओळखीच्या एका सहल-आयोजकांनी ‘तिथे रात्रीचा धिंगाणा आणि श्रीमंतांच्या बोटी याखेरीज काही नाही’ असे सांगून अंताल्या सुचवले. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, आईच्या गुडघ्यांना चढ-उतार सोसत नाही आणि दोघेही शाकाहारी आहेत. चार दिवस सार्थकी लागतील का, आणि समोरच्या ग्रीक कोस बेटावर जाऊन त्याच दिवशी परतता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – दीपमाळ

आयोजकांचे म्हणणे जुलै-ऑगस्टपुरते खरे आहे. त्या दिवसांत बंदरालगतच्या गल्लीत पहाटेपर्यंत गाणी वाजतात आणि दुपारचे ऊन अंगावर येते. सप्टेंबर संपता संपता गर्दी ओसरते, समुद्राचे पाणी मात्र उबदारच असते. मुक्कामाची जागा त्या गल्लीपासून दूर घेतलीत की झोपेचाही प्रश्न उरणार नाही.

आपले वडील इतिहासाचे शिक्षक असतील, तर त्यांना अंताल्याऐवजी इथेच आणावे असे मी आग्रहाने सांगेन. हे गाव म्हणजे प्राचीन हॅलिकार्नासस, इतिहासकार हिरोडोटसचे जन्मगाव. इराणी साम्राज्याच्या वतीने कॅरिया प्रांताचा कारभार पाहणारा मॉसोलस इ.स.पू. ३५३ मध्ये वारला आणि त्याची बहीण व पत्नी आर्टेमिसिया हिच्या काळात त्याची सुमारे ४५ मीटर उंचीची समाधी उभी राहिली, जी पुढे प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणली गेली. ताजमहालासारख्या वास्तूला इंग्रजीत ‘मॉसोलियम’ म्हणतात, तो शब्द या माणसाच्या नावावरूनच आला आहे.

त्या जागी आज काय दिसते, याची कल्पना मात्र वडिलांना आधीच द्यावी, नाहीतर हिरमोड होतो. एक मोठा खड्डा, खांबांचे काही तुकडे आणि विखुरलेले दगड, एवढेच तिथे शिल्लक आहे. भूकंपांनी इमारत खिळखिळी केली. पुढे पंधराव्या शतकाच्या आरंभी सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनी बंदराच्या तोंडाशी किल्ला बांधायला घेतला आणि त्यासाठी या समाधीचीच खाण केली. उरलीसुरली उत्तम शिल्पे चार्ल्स न्यूटन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १८५० च्या दशकात उकरून ब्रिटिश म्युझियमला नेली. म्हणून माझा क्रम असा असतो, की सकाळी तो खड्डा पाहायचा आणि मग किल्ल्यात जाऊन तटातले हिरवट आणि संगमरवरी चिरे न्याहाळायचे. सात आश्चर्यांपैकी एक त्या भिंतीत चिणलेले आहे, हे एकदा कळले की तट पाहण्याची नजरच बदलते.

तरीही किल्ल्याला जायचे खरे कारण म्हणजे आतले सागरतळातील पुरातत्त्वाचे संग्रहालय. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील काश गावाजवळच्या उलुबुरुन येथे १९८२ साली स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला समुद्रतळाशी धातूच्या विचित्र आकाराच्या लाद्या दिसल्या. त्यातून इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या व्यापारी जहाजाचा शोध लागला आणि १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे उत्खनन चालले. सुमारे दहा टन तांबे, एक टन कथील, निळ्या काचेच्या लाद्या, आबनूस, हस्तिदंत आणि नेफरतिती राणीचे नाव कोरलेली सोन्याची मुद्रा, असा माल त्या एकाच जहाजावर होता. तीन हजार वर्षांपूर्वीचा व्यापार पुस्तकात वाचणे वेगळे आणि तो माल समोर पाहणे वेगळे. वडिलांसाठी इथे निदान अर्धा दिवस राखून ठेवावा.

उत्तर – कोथिंबीर

मी गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून आईंच्या बाजूने लिहिते. किल्ल्यात चढ आहे, पायऱ्या आहेत आणि दगडी फरशी गुळगुळीत झालेली आहे. सकाळी लवकर, काठी घेऊन, जमेल तेवढेच पाहावे आणि उरलेल्या वेळी त्यांना खालच्या अंगणातील सावलीत बसवावे. बंदराकाठचा रस्ता सपाट असल्याने संध्याकाळचे फिरणे मात्र त्यांना निश्चित आवडेल. द्वीपकल्पावरील गावांना जायला ‘दोल्मुश’ मिळतात, म्हणजे आपल्याकडचे वडापच. शब्दाचा अर्थही ‘भरलेले’ असाच आहे. त्यातून एक दुपार गुमुश्लुकला जावे. तिथे प्राचीन मिंडोस नगराचे अवशेष आहेत आणि पाण्यालगत टेबले मांडलेली असतात.

जेवणाची चिंता करू नये. ‘झैतिनयाली’ या नावाखाली ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या मिळतात आणि त्यांत मांस नसते. बोद्रुमची खासियत म्हणजे तांदूळ भरलेली भोपळ्याची फुले. आपण त्यांची भजी करतो, ते त्यांत भात भरतात; मात्र कुठे कुठे त्यात खिमाही घालतात, म्हणून आधी ‘एत्सिझ’, म्हणजे बिनमांसाचे, असे विचारावे. मसुराच्या सुपाबाबतही हीच काळजी घ्यावी, कारण त्याला कधी कधी मांसाच्या रश्शाचा आधार असतो.

पुणेरी वाटसरू

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. बेत पक्का करतो. कोस बेटाचे आणि दिवसभराच्या बोटसफरीचे तेवढे कोणी सांगावे.

उत्तर – सुकाणू

कोस जवळ आहे आणि बोटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. अडचण कागदपत्रांची आहे. तिथे उतरायला भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. शिवाय आपल्या तुर्की व्हिसावर एकाच प्रवेशाची मुभा असेल, तर कोसला पाऊल टाकताच तो संपतो आणि परतताना नवा लागतो. सोबत ज्येष्ठ मंडळी असताना बंदरावर हा घोळ नको, म्हणून मी तरी कोस वगळीन.

त्याऐवजी गुलेत नावाच्या लाकडी नौकेतून खाड्या पाहाव्यात. या सफरींना ‘निळा प्रवास’ म्हणतात आणि त्याचे श्रेय जेवात शाकीर या लेखकाला दिले जाते. एका लेखापायी १९२५ साली त्यांना शिक्षा म्हणून या आडगावी धाडले होते. ते गावाच्या असे प्रेमात पडले, की पुढे ‘हॅलिकार्नाससचा कोळी’ या टोपणनावाने लिहू लागले. नौकेत चढण्याची फळी अरुंद आणि हलती असते. आईंना आधार देण्यास खलाशांना आधीच सांगून ठेवावे आणि वारा सहसा दुपारी वाढत असल्याने सकाळी निघणारी सफर घ्यावी.